प्रतीक्षायादीतील कॅमेरा : टंचाई, प्रतिष्ठा आणि नोंद यांची एक समीक्षा

प्रास्ताविक

उच्च प्रतीच्या कॅमेऱ्यांची बाजारातील अनुपलब्धता आणि त्यासाठी ग्राहकांना करावी लागणारी दीर्घ प्रतीक्षा हा विषय प्रथमदर्शनी वाणिज्य शाखेचा वाटतो. मागणी, पुरवठा आणि किंमत या तीन संज्ञांत तो संपतो, असेही कोणी म्हणू शकेल. परंतु प्रतीक्षा ही केवळ आर्थिक घटना नसते. माणूस कशाची वाट पाहतो, किती काळ पाहतो आणि वाट पाहत असताना काय करतो किंवा काय करीत नाही, यावरून त्या काळाची संस्कृती ओळखता येते. कॅमेरा हे तर काळाशीच निगडित असलेले यंत्र आहे. ज्या यंत्राचे काम क्षण पकडणे हे आहे, त्याच यंत्रासाठी महिनोन्‌महिने थांबावे लागणे यात एक अंगभूत विसंगती आहे. या विसंगतीचा विचार मराठी समीक्षेत फारसा झालेला दिसत नाही.

प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील कॅमेरा-प्रतीक्षेचा इतिहास तीन टप्प्यांत पाहून, टंचाईच्या तीन भिन्न प्रकारांचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे. त्याचबरोबर या प्रश्नाकडे पाहण्यासाठी सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या काही सैद्धांतिक भूमिकांची मर्यादाही दाखविली आहे. लेखकाचे कार्यक्षेत्र लोणार तालुक्यातील सुलतानपूर हे असल्यामुळे विवेचनाच्या अखेरीस या परिसरातील एक अनुभव विचारार्थ मांडला आहे.

'टंचाई' या शब्दाविषयी

बुलढाणा जिल्ह्यात 'टंचाई' हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे प्रथम पाण्याचा टँकर येतो. शासकीय भाषेत 'टंचाई आराखडा' म्हणजे पाणीटंचाईचाच आराखडा होय. पेरणीच्या तोंडावर खताच्या दुकानापुढे लागणाऱ्या रांगाही येथे नव्या नाहीत. अशा भागात लाखभर रुपयांच्या कॅमेऱ्याच्या तुटवड्याविषयी लिहिणे औचित्याला धरून आहे काय, असा आक्षेप वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही.

या आक्षेपाचे उत्तर शब्दांच्या नेमकेपणात आहे. पाणी, बियाणे, औषध या गोष्टी न मिळणे हा अभाव होय; त्याने जीवितावर परिणाम होतो. कॅमेरा न मिळणे हा त्या अर्थाने अभाव नाही. दोहोंना एकच शब्द लावल्याने पहिल्याचे गांभीर्य कमी होते व दुसऱ्याचे अकारण वाढते. तरीही दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला रांग का लागली आहे, हे कोणी सांगत नाही. खताच्या दुकानात आणि कॅमेऱ्याच्या दुकानात मिळणारे उत्तर अक्षरशः एकच असते, 'वरूनच माल नाही.' हे 'वर' म्हणजे नेमके कोठे, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच महत्त्वाचा आहे. कॅमेऱ्याच्या निमित्ताने त्याचा शोध घेणे म्हणूनच निरर्थक ठरत नाही.

अंतराची टंचाई : भाटवडेकर, फाळके आणि पेंटर

महाराष्ट्रात कॅमेऱ्याची वाट पाहण्याचा इतिहास सव्वाशे वर्षांहून अधिक जुना आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईतील वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. मुंबईतील व्यावसायिक छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांना या नव्या कलेने झपाटले. त्यांनी लंडनच्या रायली ब्रदर्सकडून एकवीस गिनी मोजून चलच्चित्राचा कॅमेरा मागविला. मुंबईतील हँगिंग गार्डन येथे झालेली कुस्ती त्यांनी त्यावर चित्रित केली ती १८९९ मध्ये. म्हणजे पाहणे आणि प्रत्यक्ष चित्रण करणे यांत सुमारे तीन वर्षांचे अंतर पडले. एवढ्यावरही प्रतीक्षा संपत नव्हती, कारण चित्रित झालेली फिल्म प्रक्रियेसाठी पुन्हा लंडनलाच पाठवावी लागे. आपण काय टिपले आहे, हे पाहण्यासाठीही समुद्र दोनदा ओलांडावा लागत होता.

दादासाहेब फाळके यांचे उदाहरण अधिक परिचित आहे. १९११ मध्ये मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिल्यानंतर त्यांनी चित्रपटनिर्मितीचा ध्यास घेतला. विमा पॉलिसी गहाण ठेवून पैसा उभा केला आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी निर्मितीची प्रक्रिया पाहिली, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची खरेदी केली, कच्च्या फिल्मची मागणी नोंदविली आणि एप्रिलच्या आरंभी ते परत आले. यंत्रसामग्री त्यांच्यामागून मे महिन्यात पोहोचली. येथे विशेष ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, भांडवलदारांची खात्री पटविण्यासाठी त्यांनी या कॅमेऱ्याने जो लघुपट तयार केला, त्याचा विषय होता कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ. रोज थोडे थोडे चित्रण करून सुमारे महिन्याभरात तो पूर्ण झाला आणि पडद्यावर तो जेमतेम मिनिटभर चालत असे. ज्या यंत्राची वाट पाहिली, त्याचा पहिला महत्त्वाचा उपयोग वाट पाहण्याचेच दर्शन घडविण्यासाठी व्हावा, हे अर्थपूर्ण आहे. फाळके यांच्या दृष्टीने प्रतीक्षा ही निर्मितीच्या आड येणारी बाब नव्हती. ती निर्मितीची सामग्री होती. पुढे ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला.

तिसरे उदाहरण कोल्हापूरचे आणि या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव पेंटर हे रंगभूमीचे पडदे रंगविणारे कलावंत. चित्रपट काढण्याची त्यांची इच्छा होती. परंतु परदेशी कॅमेरा त्यांच्या आवाक्यात नव्हता आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात तो मिळणे अधिकच दुरापास्त झाले होते. तेव्हा या बंधूंनी कॅमेरा स्वतःच तयार करण्याचे ठरविले. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने ते काम पुढे नेले आणि १९१८ मध्ये कॅमेरा सिद्ध झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये प्रदर्शित झाला व लोकमान्य टिळकांनी बाबूरावांचा 'सिनेमा केसरी' या पदवीने गौरव केला.

या तिन्ही उदाहरणांतील टंचाई ही अंतराची टंचाई होती. यंत्र साम्राज्याच्या राजधानीत आणि कलावंत वसाहतीत अशी ती रचना होती. अशा टंचाईला तीन प्रकारचे प्रतिसाद मिळाले. भाटवडेकरांनी मागणी नोंदवून वाट पाहिली, फाळके स्वतः यंत्राकडे गेले आणि पेंटर बंधूंनी यंत्रच घडविले. तिघांच्याही चरित्रांत निराशेला जागा असली, तरी ती निष्क्रियतेत परिणत झाली नाही. पुढील टप्प्यांशी तुलना करताना हा मुद्दा उपयोगी पडतो.

अर्थात या काळाचे आदर्शीकरणही टाळले पाहिजे. सर्वच कलावंत बाबूराव पेंटर नव्हते. यंत्र न मिळाल्यामुळे ज्यांची कला फुललीच नाही, अशांची नोंद इतिहासात सापडत नाही. टंचाईतून प्रतिभा जन्मते, असा सिद्धान्त काढणे म्हणजे यशस्वी झालेल्यांच्या चरित्रावरून अयशस्वी झालेल्यांना दोष देणे होय.

परवान्याची टंचाई

दुसऱ्या टप्प्यातील टंचाईचे मूळ अंतरात नसून नियंत्रणात आहे. तिचा आरंभ दुसऱ्या महायुद्धात दिसतो. कच्च्या फिल्मचा पुरवठा घटल्यामुळे सरकारने चित्रपटांच्या लांबीवर ११,००० फुटांची मर्यादा घातली आणि १९४३ पासून फिल्मच्या वाटपासाठी परवाना पद्धती लागू केली. कोणी किती चित्रण करावयाचे, हे आता परवाना ठरवू लागला.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचविण्याच्या धोरणामुळे कॅमेरा ही चैनीची वस्तू ठरली. तिच्या आयातीवर निर्बंध आणि जबर शुल्क आले. फिल्मच्या बाबतीत स्वावलंबन साधावे म्हणून १९६० मध्ये उटी येथे हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी उद्योग स्थापन झाला. त्याची 'इंदू' ही मुद्रा पुढे छायाचित्रकारांच्या परिचयाची झाली. सामान्य मध्यमवर्गीयांच्या हाती आला तो आगफा क्लिक थ्री. एका रोलमध्ये बारा छायाचित्रे देणारा हा साधा कॅमेरा अनेक मराठी कुटुंबांच्या जुन्या अल्बमचा जनक आहे. याहून वरच्या दर्जाचा कॅमेरा हवा असेल, तर आखातातून अथवा अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाची वाट पाहणे किंवा मुंबईच्या फोर्ट भागातील बोराबाजारात चौकशी करणे, हे मार्ग होते.

याच काळात मराठीत 'नंबर लावणे' हा वाक्प्रचार रूढ झाला. टेलिफोनचा नंबर, गॅसचा नंबर, स्कूटरचा नंबर. आकुर्डीच्या कारखान्यात तयार होणाऱ्या बजाज स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, ही आठवण आजच्या ज्येष्ठ प्राध्यापकांना निश्चितच असेल. नंबर लावणारा माणूस रागावत असे; पण त्याच्या रागाला एक दिशा होती. राग सरकारवर, अधिकाऱ्यावर, वशिल्याने पुढे गेलेल्या शेजाऱ्यावर काढता येत असे. रांगेला निदान एक क्रमांक होता आणि तो लेखी होता.

हंगेरियन अर्थशास्त्रज्ञ यानोश कोर्नाई यांनी १९८० च्या 'टंचाईचे अर्थशास्त्र' या ग्रंथात अशा व्यवस्थेची मूलगामी चिकित्सा केली आहे. तोट्यातील उद्योगाला शासन बुडू देत नाही, म्हणून त्याला ग्राहकाची पर्वा करण्याचे कारण उरत नाही आणि टंचाई ही व्यवस्थेची कायमची अवस्था बनते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आपल्याकडील परवाना राज्याचे वर्णन करण्यास ते बऱ्याच अंशी उपयुक्त आहे. मात्र या सिद्धान्तातून सहजपणे काढला जाणारा निष्कर्ष, म्हणजे बाजार खुला झाला की रांगा संपतील, हा अनुभवाच्या कसोटीवर पूर्णतः टिकलेला नाही. १९९१ नंतर आपल्याकडे बाजार खुला झाला आणि स्कूटरची रांग संपलीही. परंतु उच्च प्रतीच्या कॅमेऱ्याची रांग नव्या रूपात परत आली.

'वर' म्हणजे कोठे?

सुलतानपूरच्या छायाचित्रकाराला मोठ्या शहरातील विक्रेता सांगतो, वरून माल नाही. विक्रेत्याला तेच उत्तर मुंबईचा वितरक देतो आणि वितरकाला कंपनीची भारतीय शाखा. या साखळीचे अखेरचे टोक एरवी दृष्टीस पडत नाही. एखादी आपत्ती आली की ते दिसते.

मार्च २०११ मधील जपानच्या भूकंपामुळे निकॉनचा सेंदाई येथील कारखाना बंद पडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये थायलंडमधील अयुथ्थया येथील औद्योगिक वसाहत महापुरात बुडाली. निकॉनचे आणि सोनीचे तेथील कारखाने पाण्याखाली गेले व जगभर कॅमेऱ्यांचा तुटवडा जाणवला. एप्रिल २०१६ मध्ये कुमामोतो येथील भूकंपामुळे सोनीचा प्रतिमा-संवेदक तयार करणारा कारखाना थांबला. या संवेदकांचा पुरवठा इतर कंपन्यांनाही होत असल्यामुळे एका शहरातील धक्का अनेक कंपन्यांना बसला. २०२० नंतर महामारी आणि चिपचा जागतिक तुटवडा यांची भर पडली. २०२१ च्या अखेरीस सोनीने जपानमध्ये आपल्या काही मॉडेलच्या नव्या मागण्या स्वीकारणे तात्पुरते थांबविले. निकॉनने आपला झेड ९ हा कॅमेरा आणला, तेव्हा मागणीइतका पुरवठा करता येत नसल्याबद्दल त्या कंपनीस दिलगिरी व्यक्त करावी लागली.

यावरून असे दिसते की, स्पर्धेच्या बाजारात मुद्रा अनेक असल्या तरी त्यांच्यामागचे कारखाने मोजके आहेत. वर पर्याय दिसतात आणि मुळाशी एकाग्रता असते. थायलंडच्या पुराचा आणि मेहकर-लोणारच्या लग्नसराईचा संबंध लागतो तो असा. या टंचाईत दोष कोणा एका व्यक्तीचा नसतो. म्हणूनच ग्राहकाच्या रागाला दिशा राहत नाही. नंबर लावणाऱ्याजवळ निदान क्रमांक होता. 'प्री-बुकिंग' करणाऱ्याजवळ केवळ पावती असते. आपण रांगेत कितवे आहोत, हे त्याला कळत नाही.

प्रतिष्ठेची टंचाई

आपत्तीमुळे येणारी टंचाई समजण्याजोगी आहे. परंतु गेल्या काही वर्षांत आणखी एक प्रकार पुढे आला आहे आणि समीक्षेने त्याची दखल घेणे आवश्यक आहे. फुजीफिल्म कंपनीचा एक्स १०० व्ही हा कॅमेरा २०२० मध्ये बाजारात आला, तेव्हा तो एक चांगला पण मर्यादित वर्तुळातील कॅमेरा होता. पुढे समाजमाध्यमांवर त्याच्या जुन्या धाटणीच्या रूपाचे कौतुक सुरू झाले आणि तो मिळेनासा झाला. वापरलेले कॅमेरे नव्याच्या मूळ किमतीहून अधिक दराने विकले जाऊ लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची पुढील आवृत्ती आली आणि तिच्यासाठीही प्रतीक्षायाद्या लागल्या. तिची एक मर्यादित आवृत्ती केवळ १,९३४ नगांची काढण्यात आली, कारण कंपनीची स्थापना १९३४ सालची. येथे संख्या ठरली ती कारखान्याच्या क्षमतेवरून नव्हे, तर स्मरणाच्या सोयीवरून. किंमत उतरेल इतके उत्पादन करणे इष्ट नाही, अशा आशयाची भूमिकाही कंपनीच्या नेतृत्वाने त्या वर्षी व्यक्त केली होती.

या प्रकाराचे स्पष्टीकरण देताना थॉर्स्टीन व्हेब्लेन यांचा आधार घेण्याची प्रथा आहे. १८९९ मध्ये त्यांनी दिखाऊ उपभोगाची संकल्पना मांडली. वस्तूची किंमत अधिक म्हणून ती अधिक हवीशी वाटते, हे त्यांचे निरीक्षण येथे लागू पडते. परंतु आता किमतीच्या जोडीला प्रतीक्षाही प्रतिष्ठेचे चिन्ह झाली आहे. पैसे असून चालत नाही. वाट पाहिलेली असावी लागते. मिळण्यातील अडचण हाच वस्तूचा गुण ठरतो.

वॉल्टर बेंजामिन यांच्या विवेचनाकडेही या संदर्भात नव्याने पाहावे लागते. यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीभोवतीचे अद्वितीयत्वाचे वलय लोप पावते, असे त्यांनी १९३० च्या दशकात मांडले. छायाचित्र हे त्यांचे प्रमुख उदाहरण होते. छायाचित्राच्या बाबतीत त्यांचे म्हणणे खरे ठरले. आज छायाचित्रे इतकी विपुल आहेत की एकाही छायाचित्राभोवती वलय उरलेले नाही. परंतु वलय नष्ट झाले नाही, त्याने जागा बदलली. ते चित्रावरून निघून चित्र काढणाऱ्या यंत्रावर जाऊन बसले. पूर्वी माणसे दुर्मीळ चित्र पाहण्यासाठी प्रवास करीत. आता दुर्मीळ कॅमेऱ्याच्या खोक्याचेच चित्र काढून ते सर्वांना दाखविले जाते. प्रतीक्षेतील वैतागाचा एक मोठा भाग या स्थलांतराशी संबंधित आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वैताग चित्र काढता येत नाही याचा नसतो. ज्या वर्तुळात आपण आहोत असे वाटत होते, त्या वर्तुळाबाहेर आपण आहोत, हे कळण्याचा तो असतो.

गरजेची बाजू

तथापि सर्वच प्रतीक्षेला प्रतिष्ठेचा सोस म्हणणे अन्यायाचे होईल. व्हेब्लेनप्रणीत टीकेची मर्यादा येथेच आहे. ती वस्तूकडे केवळ चिन्ह म्हणून पाहते, साधन म्हणून पाहत नाही.

सुलतानपूर, बिबी, लोणार, मेहकर या परिसरातील छायाचित्रकारांचा व्यवसाय मुख्यतः लग्नसराईवर चालतो. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि उन्हाळ्याअखेर संपतात. मंगल कार्यालयातील मंद, मिश्र प्रकाशात फ्लॅशविना चांगले चित्र येणे, एकाच वेळी दोन मेमरी कार्डांवर नोंद होणे, या गोष्टी त्यांच्या दृष्टीने चैनीच्या नाहीत. एक कार्ड बिघडले आणि दुसरे नसेल, तर लग्न पुन्हा लावता येत नाही. कर्ज काढून, आगाऊ रक्कम भरून मागविलेला कॅमेरा हंगाम संपल्यावर आला, तर त्या व्यावसायिकाचे एक वर्ष जाते. हप्ते मात्र थांबत नाहीत. नाइलाजाने तो बिनपावतीचा, कंपनीच्या भारतीय हमीविना मिळणारा माल घेतो आणि बिघाड झाल्यावर दुरुस्तीसाठी पुन्हा वाट पाहतो. छंद म्हणून थांबणारा आणि पोटासाठी थांबणारा हे दोघे एकाच यादीत असतात. यादीला मात्र हा फरक दिसत नाही. प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य हे तत्त्व समतेचे वाटले, तरी ते गरज आणि हौस यांना समान लेखते, हे त्याचे वैगुण्य होय.

लोणारचा एक अनुभव

आतापर्यंतचे विवेचन इतरांविषयी होते. आता स्वतःविषयी काही नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

लोणारचे सरोवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, बेसाल्ट खडकात आघाताने निर्माण झालेले विवर आहे. त्याच्या काठावर आणि गावात प्राचीन मंदिरे असून दैत्यसूदन मंदिराचे शिल्पवैभव सर्वश्रुत आहे. या परिसरातील शिल्पांचे पद्धतशीर छायाचित्रण करावे, या हेतूने प्रस्तुत लेखकाने सहकाऱ्यांसमवेत २०१९ मध्ये एक लहानसा प्रकल्प हाती घेतला. त्यास अल्प अनुदान मंजूर झाले. प्रस्तावात कॅमेऱ्याचे मॉडेल नमूद करणे आवश्यक होते. आम्ही त्या वेळी नव्यानेच आलेले एक मॉडेल लिहिले. नियमानुसार तीन दरपत्रके मागविली, तुलनात्मक तक्ता केला, खरेदी समितीची मान्यता घेतली. विक्रेत्याने सांगितले, माल आला की कळवितो. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. सहज उपलब्ध असलेले दुसरे मॉडेल घ्यावे, तर मंजुरीत पहिल्याचे नाव होते आणि बदलासाठी नव्याने मान्यता घ्यावी लागणार होती. मार्चअखेर टाळेबंदी आली. रक्कम अखर्चित म्हणून परत गेली.

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. देशभर त्याची वार्ता झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी पाण्याच्या नमुन्यांचा अभ्यास करून क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे सांगितले. पावसाने पाणी वाढल्यावर रंग ओसरला. आमच्या विभागाकडे त्या दिवसांची एकही स्वतःची नोंद नाही. जे आहे, ते विद्यार्थ्यांनी भ्रमणध्वनीवर काढून एकमेकांना पाठविलेली छायाचित्रे. संदेशातून पुढे पाठविताना चित्र आकुंचित होते आणि त्यासोबतची दिनांक, वेळ इत्यादी मूळ माहिती नाहीशी होते. चित्र सुंदर राहते, पुरावा राहत नाही. कोणते चित्र कोणत्या दिवशी, काठाच्या कोणत्या बाजूने घेतले, हे आज निश्चितपणे सांगता येत नाही.

या साऱ्या काळात विभागाच्या कपाटात एक जुना, साधा डिजिटल कॅमेरा होता. तो चालू स्थितीत होता. त्याच्या चित्रांवर दिनांक नोंदला जात असे. टाळेबंदीमुळे जाणे-येणे अवघड होते हे खरे. पण त्याआधीच्या तीन महिन्यांत दैत्यसूदन मंदिराची शिल्पे त्या कॅमेऱ्याने टिपता आली असती आणि लोणार गावातील एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती तो देऊनही ठेवता आला असता. आम्ही तसे केले नाही, कारण 'चांगला कॅमेरा येणार' होता.

या अनुभवात टंचाईचे तिन्ही प्रकार एकाच फाइलमध्ये आढळतात. कारखाना दूर होता, ही अंतराची टंचाई. मंजुरीतील नाव बदलता येत नव्हते, ही परवान्याची टंचाई. १९९१ मध्ये ती देशाच्या आयात धोरणातून बऱ्याच अंशी गेली, परंतु आपल्या कार्यालयीन पद्धतीत ती अद्याप शिल्लक आहे. आणि मूल्यांकन समितीच्या भेटीत दाखविण्याजोगे उपकरण असावे, म्हणून आम्हीच नवे मॉडेल लिहिले होते, ही प्रतिष्ठेची टंचाई. पहिल्या दोहोंबाबत तक्रार करण्याचा अधिकार आम्हांस आहे. तिसरीबाबत तो नाही.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. पहिला असा की, कॅमेऱ्याची प्रतीक्षा ही एकजिनसी घटना नसून तिच्यामागे अंतर, नियंत्रण आणि प्रतिष्ठा अशी भिन्न कारणे आहेत. त्यांवर एकच उपाय किंवा एकच टीका लागू पडत नाही. दुसरा असा की, कोर्नाई, व्हेब्लेन आणि बेंजामिन यांच्या संकल्पना या विषयास उपयुक्त असल्या, तरी आपल्या परिसरातील व्यावसायिकाची गरज त्यांपैकी कोणाच्याही चौकटीत पूर्णपणे सामावत नाही. तिसरा निष्कर्ष शिक्षणसंस्थांपुरता आहे. प्रकल्पाच्या मंजुरीत उपकरणाच्या नावाऐवजी त्याची किमान क्षमता नमूद करण्याची मुभा असावी. उपकरण येईपर्यंत उपलब्ध साधनांनी काम सुरू ठेवणे हा प्रकल्पाच्या नियोजनाचाच भाग मानला जावा. विद्यार्थ्यांना निदान एवढे शिकविले जावे की, मूळ छायाचित्र जपून ठेवावे आणि त्यासोबत दिनांक, स्थळ व दिशा लिहून ठेवावी. यासाठी लाखाचा कॅमेरा लागत नाही, वही लागते.

बाबूराव पेंटर यांच्याप्रमाणे कॅमेरा घडविणे आज कोणा एका कलावंतास शक्य नाही. संवेदक आणि चिप यांचे तंत्र कार्यशाळेत तयार होणारे नाही. त्यामुळे त्यांचे अनुकरण करा, असे सांगणे पोकळ ठरेल. परंतु त्यांच्या उदाहरणातील एक गोष्ट आजही घेण्याजोगी आहे. कॅमेरा तयार होत होता त्या वर्षांत बाबूराव केवळ वाट पाहत बसलेले नव्हते. हातातले काम चालू होते. लोणारच्या सरोवराचा रंग पुन्हा बदलेल, दैत्यसूदनाच्या भिंतींवरील शिल्पे ऊन-पावसात दरवर्षी थोडी थोडी झिजत राहतील. ती कोणाच्याही प्रतीक्षायादीत नाहीत. आमच्या विभागाने यंदापासून त्या जुन्या कॅमेऱ्यानेच काम सुरू केले आहे. चित्रे मध्यम प्रतीची येतात. त्यांवर दिनांक असतो.